लिक्विड कूलर आणि एक बारीक शिट्टी

३ नोव्हेंबर, मंगळवार

परत आली फाइल. पुन्हा!

"वाचन चांगलं आहे. मागे घरघर आहे आणि एक बारीक शिट्टी. दुरुस्त करून पाठवा." बस्स. नमस्कार नाही, काही नाही. ऑडिओबुकवाल्यांच्या या संपादिकेला मी मनातल्या मनात कात्री म्हणते. दिवसभर लोकांचे श्वास, खोकले, अडखळणं कापत बसते आणि माणसांशीही तशीच बोलते. दुरुस्त करून पाठवा म्हणे! म्हणजे अख्खं प्रकरण पुन्हा वाचा. माझा घसा काय भाड्याने आणलाय?

आणि नेमकं हेच पुस्तक. इतकी वर्षं मी काय वाचलं? मिक्सरची माहिती, विम्याच्या अटी, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". लोक फोन कानाला लावून ज्या बाईला शिव्या घालतात ती बाई मी! पहिल्यांदा खरी कादंबरी हातात आली आहे. नवरा न सांगता निघून गेला, म्हणून त्याची होडी स्वतः वल्हवायला लागलेल्या बाईची. पहिलं पान वाचलं आणि ठरवलं, ही मीच वाचणार. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ती ऐकवणारच नाही.

आता कॉम्प्युटरच्या एका पंख्यापायी कात्री हे पुस्तक माझ्याकडून काढून घेणार. पंखा!

४ नोव्हेंबर, बुधवार

दादाला फोन केला. हा कॉम्प्युटरचा डबा त्याचाच प्रसाद. चपलांच्या खोक्याएवढी केस, आणि आत त्याने कोंबलाय कुठला तरी राक्षसी प्रोसेसर. स्वतःला लॅपटॉप घेतला आणि हे माझ्या गळ्यात मारलं. "तुला फुकटात हत्ती दिलाय," असं वर ऐकवतो. हत्ती दिला, पण ठेवायचा कुठे? माझी अडगळीची खोली म्हणजे एक फळी, एक खुर्ची, एक माइक. मोठा डबा त्या फळीवर मावतच नाही. आणि आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर चालू केलं की हत्ती तापतो, आणि त्याच्या डोक्यावरचा तो बशीएवढा पंखा किंचाळायला लागतो.

दादा म्हणाला, "शिट्टी ना? ते पंख्याचं बेअरिंग. गेलं असणार."

मी म्हटलं, "मग बदलून दे."

"बेअरिंग बदलत नाहीत, ताई. लिक्विड कूलर बसव. जमाना कुठे गेला!"

जमाना गेला तिथे तूही जा, असं तोंडावर आलं होतं. मोठ्या भावाला बोलवत नाही म्हणून गप्प बसले. आणि मला ताई का म्हणतो? दोन वर्षांनी मोठा आहे माझ्याहून. काहीतरी शिकवायचं असलं की ताई!

५ नोव्हेंबर, गुरुवार

साधा उपाय होता. डबा खोलीच्या बाहेर ठेवायचा, दाराशेजारी. वायरी दाराखालच्या फटीतून आत. पंखा बोंबलेना का बाहेर!

सकाळी आईच्या सुईत दोरा ओवून दिला (डोळे थकलेत तिचे, पेपरसुद्धा आता नुसता घडी घालून ठेवते) आणि सहज म्हटलं, "डबा आजपासून बाहेर, दाराजवळ."

"तिथे नाही ठेवायचा."

"का?"

"येण्याजाण्याची वाट आहे ती."

कुणाच्या येण्याजाण्याची? त्या बोळकांडीच्या टोकाला फक्त माझी खोली! तिथून कोण जातं? पण नाही म्हणजे नाही. तिचा चेहरा असा झाला, की जसं काही मी तिचं शिवणयंत्रच विकायला काढलंय. शिवणयंत्राला तरी ती आताशा कुठे हात लावते? पाय दुखतात म्हणे. हाताने काजं, तुरपाई, बटणं, एवढंच. पण घरावर सत्ता पूर्ण!

डोकं सटकलं माझं. चहा न पिता आत जाऊन बसले. पण ती खोलीसुद्धा तिच्याच घरातली, त्यामुळे रागाने जायचं तरी कुठे हा प्रश्नच आहे.

७ नोव्हेंबर, शनिवार

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. मालकाचं नाव मी सर्वज्ञ ठेवलं आहे. काउंटरवर कोपर टेकवून असा उभा असतो, जसं काही वीज त्यानेच शोधली.

मी म्हटलं, "छोट्या केसमध्ये बसेल असा लिक्विड कूलर हवाय. आवाज न करणारा."

त्याने माझ्या मागे बघितलं. मागे कुणी नाही हे पाहून म्हणाला, "मिस्टरांना पाठवा ना मॅडम. त्यांना समजावून सांगतो."

तळपायाची आग मस्तकात गेली! मी म्हटलं, "मिस्टर नाहीत. असते तरी त्यांना मीच समजावून सांगितलं असतं. बोला."

मग बोलला. तासभर बोलला. काही कळलं, काही नाही, पण जे कळलं ते असं. प्रोसेसरच्या डोक्यावर एक छोटा पंप बसतो. त्यातून दोन रबरी नळ्या निघतात. प्रोसेसरची उष्णता घेऊन पाणी एका जाळीदार पट्टीत जातं, तिला रेडिएटर म्हणायचं. तिथे मोठा पंखा सावकाश फिरून पाणी गार करतो आणि ते पुन्हा पंपाकडे. छोटा पंखा जोरात फिरतो म्हणून किंचाळतो, मोठा सावकाश फिरतो म्हणून गप्प असतो. हे एवढंच! हे सांगायला त्याने तीन खोकी, दोन व्हिडिओ आणि स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरची थोरवी वापरली.

शेवटी म्हणाला, "सगळा खेळ जाडीचा आहे मॅडम. रेडिएटर अधिक पंखा. छताखाली जागा किती, ते मोजून या. केसच्या आतून. बाहेरून नाही हं!"

बाहेरून नाही हं! मला काय भिंतीला पडदे करायचेत?

८ नोव्हेंबर, रविवार

माप घेतलं. आईच्या टेपने, कारण घरात दुसरा टेप नाही. या टेपला पहिला इंच नाही. टोकाची पितळी पट्टी कधीच निघाली, मग कापड विसविशीत झालं, तेव्हा आईने एक इंच सरळ कापून टाकला. "नवा कशाला? एक वजा करायचा, त्यात काय!" तेव्हापासून या घरात सगळे वजा करूनच मोजतात. दादाच्या लग्नाचा सूट याच टेपवर झाला. वहिनीने पहिल्यांदा पडद्याचं माप घेतलं आणि पडदे जमिनीवर लोळले, तेव्हा कुठे ती आमच्या घरातली झाली.

मी टॉर्च धरला, आईने डब्यात हात घालून माप घेतलं. ती नाक मुरडत होती. "याच्यात हात घातला तर शॉक नाही ना बसायचा?" तीनदा विचारलं. वायर मी हातात धरून दाखवली तरी विचारलं.

"आठ सेंटीमीटर," म्हणाली.

आठ! भरपूर जागा आहे. सर्वज्ञ म्हणाला होता जाड रेडिएटर सगळ्यात शांत. जाडच घेणार.

मावशी आजारी आहे म्हणून आई दुपारी दोन दिवसांसाठी तिच्याकडे गेली. घर मोकळं. मोठ्याने गाणं म्हटलं. वाईट म्हटलं, पण म्हटलं.

१० नोव्हेंबर, मंगळवार

काल पुढचं प्रकरण वाचून पाठवलं होतं. होडीवाल्या बाईला पहिल्यांदा पूर भेटतो ते. आज कात्रीचा निरोप: "घरघर थोडी आहे, चालवून घेऊ. शिट्टी अजिबात नाही. हे असंच ठेवा."

हे असंच ठेवा! मी काय केलं ते मला माहीत असेल तर ठेवू ना! काल थोडं गार होतं, डब्याचं झाकण उघडं ठेवलं होतं. त्यामुळेच असणार. म्हणजे दादाचं खरं, सगळा तापण्याचाच प्रश्न आहे. त्याचं खरं निघालं की मला आणखी राग येतो.

आई परत आली. जिन्यात प्रत्येक वळणावर थांबून कुणाकुणाशी गप्पा मारत होती, मी दार उघडून ताटकळत उभी. भाजीची पिशवी माझ्याकडे दिली आणि सरळ जाऊन बसली. "काय एवढं बोलायचं असतं जिन्यात?" विचारलं, तर हात हलवला नुसता. उत्तर द्यायचेसुद्धा कष्ट नकोत.

११ नोव्हेंबर, बुधवार

कूलर आणला. जाड. खोकं बघूनच छान वाटलं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

बसत नाही.

बसत नाही! नाही बसत! आडवा, उभा, तिरका, कसाही धरला तरी नाही. छताखाली ढकलला तर पंखा मदरबोर्डच्या पत्र्यांवर टेकतो. जोर लावला तर काहीतरी करकरलं. सकाळभर मी एका हातात नळ्या, तोंडात स्क्रू, गुडघ्यावर डबा अशी बसले होते. बोट कापलं. डब्याच्या आत रक्ताचा एक ठिपका पडलाय, तो तसाच ठेवलाय. राहू दे पुरावा.

आई आली, बघितलं, म्हणाली, "आठात मावेना होय?"

"आठ तूच सांगितलंस ना!"

"मी टेपावर होतं ते सांगितलं. वजा तू करायचं. तुझं ते कॉम्प्युटरचं माप, त्यातलं मला काय कळतंय? मी कशाला ढवळाढवळ करू?"

उभं आयुष्य वजा करून माप सांगत आली ही बाई! शिवणकामात एकदा चूक नाही. आणि माझ्याच वेळी तिला कॉम्प्युटरचा मान राखायचा सुचला! आठातून इंचाचे अडीच गेले, साडेपाच. कूलर सव्वासहाचा. मी हसावं का ओरडावं हे न कळून ओरडले. तिनेही ऐकवलं. "चिडून चिडून तुझा आवाज बसेल, मग काय वाचशील?" जखमेवर मीठ! पण हळद तिनेच लावली बोटाला, हे लिहायला हवं. घट्ट चिंधी बांधली. तेवढं माप बरोबर होतं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानात रणधुमाळी.

सर्वज्ञ म्हणाला, "खोकं उघडलंत, आता परत नाही." मी म्हटलं, न उघडता बसवायचा होता का? तो म्हणाला, माप चुकलं तुमचं. कशाने घेतलंत? मी पर्समधून टेप काढून काउंटरवर टाकला. त्याने तो स्टीलच्या पट्टीला लावला. टेप एकापासून सुरू झालेला बघून हसला, आणि शेजारच्या दोन गिऱ्हाइकांना दाखवला. "हे बघा, मॅडमचा टेप!"

मग मात्र माझा बांध फुटला.

"हसू नका! या टेपने माझ्या आईने अख्ख्या गल्लीचे कपडे शिवलेत. एकाला कुठे घट्ट झाले नाहीत, एकाला ढगळ झाले नाहीत. दोन मुलं वाढवली या टेपने. तुमच्या दुकानात आल्यापासून तुम्ही एकदा तरी मला विचारलंत का, केस कुठली आहे? केसचं नाव सांगितलं असतं तर त्या कंपनीच्या साइटवर माप लिहिलेलं असतं, ते मला काल रात्री वहिनीने शोधून दिलं. साडेपाच सेंटीमीटर. ते शोधायचं काम तुमचं होतं. पण तुम्हाला माझे मिस्टर शोधायचे होते!"

गिऱ्हाइकांपैकी एकजण खोकं परत ठेवून निघून गेला, त्याचं मला बरं वाटलं. सर्वज्ञाने मूग गिळून जाड कूलर ठेवून घेतला आणि बारीक काढून दिला. पंख्यासकट पाच सेंटीमीटर आणि वर दोन मिलीमीटर. "हा बसेल," म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या पट्टीने मोजून दाखवा. मोजून दाखवला!

टेप घडी घालून पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर आईला सांगितलं नाही. तिने विचारलं, "टेप कुठे नेलास माझा?" मी दिला. तिने गळ्यात घातला.

१४ नोव्हेंबर, शनिवार

बसला!

१५ नोव्हेंबर, रविवार

बसला, पण आत बेडूक आहे. गुळगुळ, गुळगुळ! डबा चालू केला की गुळण्या केल्यासारखा आवाज. मी आणखी एक मिनिट ऐकलं असतं तर डबा खिडकीतून गेला असता.

दादाला फोन. "पंप सगळ्यात उंचावर आलाय का?"

"हो. फळीवर डबा आडवा आहे ना."

"अगं, नळ्यांमध्ये थोडी हवा असते. हवा वर चढते आणि पंपात जाऊन बसते. रेडिएटर पंपाच्या वर यायला हवा."

"हे आधी सांगायला तोंड दुखत होतं?"

"तू विचारलं नाहीस."

तू विचारलं नाहीस! आमच्या घराच्या दारावर पाटी करून लावावी.

डबा उभा केला. रेडिएटर वर, पंप खाली. थोडी गुळगुळ, मग एक ढेकर, मग काही नाही. खरंच काही नाही! कान टेकवला तर फक्त गार पत्रा. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले जरा वेळ. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकलीच नव्हती.

जेवताना आईला म्हटलं, "झालं बघ. आता बिनघोर वाचणार." ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "पुरुष मेले सगळे सारखेच. जाताना सांगून जायला काय होतं? ती बिचारी वाट बघत बसते नि हा तिकडे." आता ही कुणाबद्दल बोलत होती कोण जाणे. बाबांबद्दल असेल. पण बाबा तर सांगूनच गेले होते, चांगले दोन महिने दवाखान्यात राहून. मी विषय वाढवला नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

दोन प्रकरणं पाठवली. मस्त वाचलं आहे, माझं मलाच वाटलं. शेवटच्या ओळीला मी स्वतःच थांबले होते.

खोलीतून बाहेर पडताना आईच्या बुटक्या स्टुलाला ठेचकाळले. दाराबाहेर, मधोमध! अंगठ्याचं नख मोडलं. येण्याजाण्याची वाट आहे ना? मग स्टूल कसं चालतं? मी ओरडले, तर आई तिच्या खोलीतून म्हणाली, "झाडताना राहिलं असेल." दुपारी कोण झाडतं?

१९ नोव्हेंबर, गुरुवार

"घरघर पूर्ण गेली, छान. शिट्टी मात्र आहे. आधीपेक्षा जास्त आहे. सोमवारपर्यंत स्वच्छ फाइल मिळाली नाही तर पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे द्यावं लागेल. वाईट वाटतं."

वाईट वाटतं म्हणे! वाटून दाखव की!

हेडफोन घातले, आवाज वाढवला, आणि ऐकली. आहे. माझ्या वाक्यांच्या मधे, जिथे मी थांबते तिथे. सूंऽऽ. मग नाही. मग सूंऽऽ. पंख्याची शिट्टी अशी थांबते का? पंपाची असेल. पंपच खराब निघाला असेल. त्या सर्वज्ञाने मला जाणूनबुजून खराब माल दिला असेल, दुकानात बोलले त्याचा सूड!

२० नोव्हेंबर, शुक्रवार

सर्वज्ञ घरी आला. स्वतः! मी फोनवर त्याला असा धारेवर धरला की तो दुकान बंद करून आला. त्याने डब्याला कान लावला, पंपाला लावला, नळ्यांना लावला. म्हणाला, "मॅडम, देवाशपथ, यातून आवाज नाही." मग माइककडे बघून विचारलं, "याचं तोंड कुठे?"

"माझ्याकडे. पाठ डब्याकडे. मुद्दामच. पाठीमागचं याला कमी ऐकू येतं."

"मग डब्याचा एवढा बारीक आवाज याच्यात येईलच कसा? तुमच्या बाजूनेच काहीतरी येतंय."

"माझ्या बाजूला मीच आहे. माझ्या मागे दार. मी शिट्ट्या मारते म्हणायचंय का तुम्हाला?"

जाताना आईने त्याला पाणी दिलं. दोघं जरा वेळ तिथेच उभे होते. आईने त्याला विचारलं, "त्या यंत्रातून तिचा आवाज लोकांपर्यंत जातो ना? सगळ्यांना ऐकू येतं का?" एवढं मला कधी विचारलं नाही.

भिंतींना फोम लावला होता तेव्हा तो दारापाशी येऊन संपला होता. दार पातळ प्लायवूडचं आहे. उद्या गादी टेकवून बघते दाराला.

२१ नोव्हेंबर, शनिवार

गादी मावली नाही. खुर्ची आणि दार यांच्यात वीतभरही जागा नाही. सगळ्या घरात मापच चुकलेलं आहे!

शेवटचा उपाय म्हणून डबा उचलून बोळकांडीत ठेवायला निघाले. आता कुणाचं ऐकणार नव्हते. आई आडवी आली. खरोखर आडवी आली, दाराला पाठ लावून.

"इथे नको."

"आई, सोमवारी पुस्तक जाईल माझ्या हातून. समजतंय का तुला? जाईल!"

"दुसरीकडे कुठेही ठेव. माझ्या उशाशी ठेव. इथे नको."

"तुला माझं काम नकोच आहे. सांग ना सरळ! मी आत बोलते ते तुला नकोच आहे!"

एवढं बोलले आणि मला वाटलं आता ती दुप्पट बोलेल. पण ती भिंतीला हात लावत तिच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

मीही डबा परत आत ठेवला. का ठेवला माहीत नाही. राग होताच, अजून आहे. रागावूनच हे लिहिते आहे. जेवायला ती आली नाही. मी ताट झाकून ठेवलं आणि त्याबद्दलसुद्धा चिडले.

२२ नोव्हेंबर, रविवार

दोघी एकमेकींशी बोललो नाही. सकाळी सुई आणि दोरा माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलेले होते. ओवून दिला. कप तिने विसळला.

पूर संपून होडीवालीचा नवरा परत येतो की नाही, ते प्रकरण उद्या. शेवटचा प्रयत्न. सर्वज्ञ म्हणाला तेवढं मात्र डोक्यातून जात नाही. उद्या आधी डबा बंद करून, नुसत्या फोनवर रेकॉर्ड करून बघणार आहे. काहीच चालू नसताना शिट्टी आली तर मीच शिट्टी मारते, असं कात्रीला कळवून टाकेन.

२३ नोव्हेंबर, सोमवार

डबा बंद. वीज बंद. खोलीत माझ्याशिवाय काहीच चालू नाही. फोन माझ्याजवळ ठेवला आणि चार पानं वाचली, नवरा नदीच्या काठावर येऊन उभा राहतो तिथपर्यंत. थांबले. फोन कानाला लावला.

सूंऽऽ. थांबली. सूंऽऽ. फोन कानावरून काढला तरी येत होती. मागून. दारातून.

दार उघडलं. आई बुटक्या स्टुलावर, डोकं चौकटीला टेकलेलं, गळ्यात टेप, डोळे मिटलेले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि प्रत्येक श्वासाला ती शिट्टी. ओठ जरा निळसर. हे कधीपासून? जिन्यात गप्पा मारत नव्हती ती. कुणीच नसायचं जिन्यात.

मला बघून दचकली. पदराने तोंड पुसलं. मला वाटलं काहीतरी बहाणा सांगेल.

"थांबलीस का गं?" म्हणाली. श्वास घेतला, आणि मग बाकीचं. "घेते का ती त्याला होडीत?"

दादाला फोन केलाय, गाडी घेऊन निघालाय. तो येईपर्यंत मी तिच्याशेजारी खाली बसून पुढचं वाचून दाखवलं.